मध्याह्नींचें पिशाच्च

ख्रिस्ती परंपरेंत सात महापातकें सांगितलेलीं आहेत: गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, अतिभोजन, क्रोध आणि आळस. यांपैकीं पांच तर आपल्याकडील षड्रिपूंतही आढळतात. सातवें मात्र चमत्कारिक वाटतें. खून व चोरी यादींत नाहींत आणि बिचारा आळस मात्र महापातकांच्या पंक्तीस बसलेला आहे, हें कसें? त्याचें उत्तर असें कीं, यादी झाली तेव्हां त्या जागीं आळस नव्हताच. तेथें दुसरेंच कांहीं होतें.

ही यादी या स्वरूपांत बायबलांत सांपडत नाहीं. तिचा उगम इजिप्तच्या वाळवंटांत, चवथ्या शतकाच्या अखेरीस झाला. काळ्या समुद्राकांठच्या पाँटस प्रांताचा इव्हाग्रियस हा विद्वान् पुरुष कॉन्स्टँटिनोपलच्या धर्ममंडळांत नांवाजलेला होता. एका प्रतिष्ठित कुटुंबांतील स्त्रीच्या मोहांत सांपडण्याचा प्रसंग आला, तेव्हां त्यानें राजधानी सोडली. आणि जेरुसलेममार्गें ३८३ च्या सुमारास तो इजिप्तमधील तापसांच्या वस्तींत येऊन राहिला. हस्तलिखितांच्या नकला करून तो पोट भरी. तेथेंच ३९९ मध्यें त्याचा अंत झाला.

एकांतांत साधकावर चालून येणारे आठ विचार त्यानें नोंदून ठेवले. त्यांना त्यानें ‘विचार’च म्हटलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. विचार मनांत येणें माणसाच्या हातीं नाहीं. त्याला थारा द्यावा कीं न द्यावा, एवढेंच त्याच्या हातीं आहे, अशी त्याची शिकवण. या आठांत सर्वांत जड कोणता? इव्हाग्रियसच्या मतें ‘अकेडिया’. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ कशाचीच आस्था न उरणें. स्तोत्रसंहितेंतील एका शब्दाच्या आधारें त्यानें त्याला मध्याह्नींचें पिशाच्च म्हटलें. भर दुपारीं पिशाच्चें हिंडतात हा समज आपल्या खेड्यांतूनही होताच. पण हें पिशाच्च पिंपळावरचें नव्हे. सूर्य जागचा हलत नाहींसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. जेवणवेळेला किती अवकाश आहे हें पाहण्यासाठीं तापस पुनःपुन्हा बाहेर येतो. कोणी बंधु भेटावयास येतो आहे काय म्हणून वाट पाहतो. मग ही जागा नकोशी होते, हातचें काम नकोसें होतें, सोबत्यांत प्रेम म्हणून उरलें नाहीं असें वाटूं लागतें. दूर कोठें तरी सुखानें राहतां येईल, असें मन सांगतें. मागें सोडलेलीं माणसें आठवतात. आणि पुढें उरलेलें आयुष्य फार लांब दिसूं लागतें.

याला आळस कोण म्हणेल? ही तर एक प्रकारची वेदना आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतही आलस्य हें चित्तविक्षेपांत गणलें असून दौर्मनस्य हें त्याच विक्षेपांचें सोबती म्हणून सांगितलें आहे. तेथेंही तीं पापें नव्हेत, साधनेच्या वाटेवरील अडथळे आहेत. इव्हाग्रियसनें या व्यथेवर उपाय सांगितला तो धीराचा: जागा सोडूं नये, आणि अश्रु आले तर येऊं द्यावे. मनाचे जणुं दोन भाग करून एकानें दुसऱ्याचें सांत्वन करावें, असेंही तो सांगतो. हें पिशाच्च गेल्यावर जी शांति येते, ती अवर्णनीय असते, अशी त्याची साक्ष आहे.

त्याचें हें ज्ञान पश्चिमेस पोंचविलें जॉन कॅसियननें. इजिप्तमध्यें राहून आलेल्या या मठवाशानें मार्सेय येथें मठ स्थापिले आणि ४२० नंतरच्या कांहीं वर्षांत लॅटिनमध्यें ग्रंथ लिहिला. त्यांत पॉल नांवाच्या तापसाची हकीकत आहे. तो शहरापासून सात दिवसांच्या वाटेवर राही. टोपल्या विणून विकावयाच्या तर वाहतुकीचा खर्च किमतीहून अधिक. पोटापुरते खजूर आणि लहानशी बाग होतीच. तरीही तो रोज ताडपत्रें गोळा करी, ठराविक काम पुरें करी आणि वर्षाअखेर गुहा भरली म्हणजे सर्व जाळून टाकी! अर्थशास्त्राच्या दृष्टीनें हा वेडेपणा. पण त्या कामाचें मोल बाजारांत नव्हतें, मन जागेवर ठेवण्यांत होतें.

पुढें पोप ग्रेगरीनें ५९५ च्या सुमारास पुरा केलेल्या ग्रंथांत गर्वाला सर्व पापांचें मूळ ठरवून सातांची नवी मांडणी केली. मत्सर आंत आला, अकेडिया विषादांत विरून गेली. आणि नंतरच्या शतकांत ती विषादाची जागा घेऊन पुन्हा प्रकट झाली. खरा फरक पडला तो १२१५ मध्यें. त्या वर्षीं रोमच्या लॅटरन परिषदेनें प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाला वर्षांतून एकदां पापनिवेदन सक्तीचें केलें. आतां ही यादी शेतकरी आणि व्यापारी यांना लावावयाची होती. पुरोहितानें त्यांना काय विचारावें? मनाची उदासी मोजतां येत नाहीं. उपासनेला गैरहजेरी मोजतां येते, प्रवचनांतली डुलकी दिसते, राहिलेलें काम दाखवितां येतें. टॉमस अक्वायनससारख्या तत्त्वज्ञानें तेराव्या शतकांतही अकेडिया म्हणजे ईश्वरी कल्याणाविषयींच वाटणारा खेद, आणि तिचा प्रतिपक्ष प्रेमांतून येणारा आनंद, असें सूक्ष्म विवेचन केलें. परंतु सामान्य जनांत रुजली ती सोपी व्याख्या. धीर किंवा आनंद यांच्याऐवजीं उद्योग हा तिच्या विरुद्धचा सद्गुण ठरला. सद्गुण बदलतांच पापही बदललें, आणि ज्याचें सांत्वन करावयाचें तो दुःखी माणूस कामचुकार म्हणून अपराध्यांच्या रांगेंत उभा राहिला. हा सौदा तोट्याचा झाला यांत शंका नाहीं.

१३२१ मध्यें वारलेल्या दान्तेच्या महाकाव्यांत या पातकाचे दोन्ही तुकडे वेगवेगळ्या ठिकाणीं पडलेले दिसतात. नरकांत, स्टिक्सच्या चिखलाखालीं, गोड हवा आणि सूर्यप्रकाश असतांना जे खिन्न राहिले ते रुतलेले आहेत. त्यांच्या गळ्यांत शब्दही नीट फुटत नाहीं, फक्त वर बुडबुडे येतात. आणि शुद्धिपर्वताच्या चवथ्या टप्प्यावर आळशी जीव अखंड धांवत आहेत. त्यांच्यांत व्हेरोना येथील सॅन झेनो मठाचा एक मठाधिपति आहे. थांबतां येत नाहीं याबद्दल तो क्षमा मागतो, धांवतां धांवतां आपली ओळख सांगतो, आणि पुढें कांहीं बोलला कीं गप्प झाला, हें दान्तेला कळत नाहीं. कारण तोंवर तो फार दूर गेलेला असतो.