‘गिव्ह अप’चा मागोवा

‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे ठाऊक असूनही ‘गिव्ह इट अप!’ (सोडून दे!) म्हटले की इंग्रजी शिकणारा अडतो. हे कोडे सोडवायला आपण हजार वर्षे मागे जाऊ. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचा अर्थ पालटे तो मुख्यतः उपसर्गांनी, आपल्या आहार-विहार-प्रहारासारखा. ‘वर’, ‘बाहेर’ असे दिशा दाखवणारे शब्द मात्र सुटे असत. गौण वाक्यात ते बहुधा क्रियापदाच्या आधी येत. आज्ञा करताना मात्र क्रियापद पुढे येई आणि हे शब्द त्याच्या मागे राहत. पुढे उपसर्ग झिजले आणि ही मागची जागाच रूढ झाली. इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात वसलेल्या डेन लोकांच्या भाषेत बरेच उपसर्ग आधीच गळाले होते. त्यांच्या शेजाराने या बदलाला बळ मिळाले, हे मत मला पटते.

डेन वस्तीच्या याच मुलखात पीटरबरोचा मठ होता. तिथल्या बखरीत 1132 सालची नोंद आहे : पहिल्या हेन्री राजाने हेन्री नावाच्याच मठाधिपतीला मठ सोडायला आणि देशाबाहेर जायला लावले. ‘सोडायला’ या अर्थी बखरकार ‘गिव्ह अप’चेच जुने रूप वापरतो. म्हणजे आधी ताबा धन्याच्या हवाली करणे, मग हक्क सोडणे आणि कालांतराने सवय किंवा प्रयत्न सोडणे, असा हा अर्थ सरकत गेला. दरम्यान 1066च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच क्रियापदांनी दरबार आणि ग्रंथ व्यापले. ‘गिव्ह अप’सारखी जोडक्रियापदे मात्र बोलीच्या आश्रयाने वाढली. 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सनने परकीयांना सर्वाधिक छळणारा प्रकार म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले आणि ती कसोशीने नोंदवली. परक्या विद्यार्थ्याची अडचण इतक्या आस्थेने ओळखणारा कोशकार विरळाच. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे या जोडक्रियापदांचे नाव मात्र 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रुळले. ते सुचवले होते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

पुढे ही जोडक्रियापदे संगणकातही शिरली. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सीटीएसएस या संगणक प्रणालीत माणूस ‘लॉगिन’ असे टंकून यंत्राला आज्ञा देई. आज मोबाइलच्या पडद्यावर यंत्रच आपल्याला ‘साइन इन’, ‘लॉग आउट’ असे फर्मावते. आज्ञेची रीत तीच जुनी : क्रियापद पुढे, दिशेचा शब्द मागे.