ध्वनिमुद्रण आणि कामगाराचा कान



गाण्याच्या आवाजाची प्रत कशी ओळखावी, ह्यावर बोलावयाचा अधिकार मला नाही. मी गवई नव्हे आणि इंजिनियरही नव्हे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत युनियनचे काम करणारा मी माणूस; शिक्षण रात्रीच्या वाचनात झाले तेवढेच. परंतु हा प्रश्न आमच्या कचेरीत एका तक्रारीच्या रूपाने शिरला, आणि तिचा पाठपुरावा करताना मला थेट १९०२ सालापर्यंत मागे जावे लागले. पालघरकरांपुढे तीच हकीकत मांडावयाची आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला व त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन यावयाला अजून वीसबावीस वर्षे अवकाश होता. गाणाराने कर्ण्यापाशी तोंड नेऊन मोठ्याने गावयाचे, त्या आवाजाच्या जोरावर सुई हलावयाची आणि मेणावर रेघ उमटावयाची. सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपावयाचे. शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगावयाचे. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघत, आणि कोणती तबकडी कोणाची हे तेथल्या कारागिराला कळावयास हवे. फार खालचे व फार वरचे स्वर कर्ण्यात शिरतच नसत. म्हणजे गाण्यातले काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे, हे पहिल्या दिवसापासून यंत्रच ठरवीत आले आहे.

सर्वांनी ते मानले असे नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँ १९४६ साली गेले. दोघांचीही तबकडी नाही. लोक ह्याला जुन्या माणसांचा हट्ट म्हणतात. एक राग मांडावयाला ज्याला तासभर लागतो, त्याला तीन मिनिटांत आटप म्हणणे हे मला तरी साध्या मागणीसारखे वाटत नाही. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर ह्यांनी मात्र तबकड्या दिल्या, आणि त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. गुरूचा आवाज ह्या पृथ्वीवर कोठेही शिल्लक नाही आणि शिष्येचा ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला, असा हा न्याय आहे.

पुढे १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले, १९४८ साली लाँगप्ले तबकडी आली. ह्या वस्तू आमच्या लोकांच्या घरात नव्हत्या. आमच्या घरात शिरली ती कॅसेट. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली काढली. आपल्याकडे तिचे खरे राज्य १९८० नंतरचे. खोलीत आठ माणसे पाळीपाळीने झोपत आणि टेपरेकॉर्डर एक. प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट इतकी वाजे की गाण्यापेक्षा मागची सूंसूं मोठी होई. फीत अडकली की पेन्सिलीने गुंडाळावयाची. 'आवाज खराब आहे' अशी तक्रार मी त्या काळी ऐकली नाही. कॅसेट घासली ह्याचा अर्थ गाणे आवडते, एवढाच.

१९८२ साली सीडी निघाली. तिच्यात आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागे, आणि एवढे ओझे तेव्हाच्या टेलिफोनच्या तारांना झेपणारे नव्हते. म्हणून जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी एमपी-थ्री नावाची युक्ती सिद्ध केली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला कळत नाही; मग तो साठवावयाचा कशाला? असे वगळत गेले की सेकंदाला १२८ किलोबिटांच्या हिशेबाने गाणे सीडीच्या अकराव्या हिश्श्यात मावते. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग ह्यांनी सुझान व्हेगा ह्या गायिकेचे विनासाथीचे एक गाणे पुन्हा पुन्हा लावून ही काटछाट पारखली. आमच्या भजनी मंडळाला तेथे कोणी बोलावले नव्हते, हे उघड आहे.

बोईसर स्टेशनाबाहेर मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात होता, तेव्हाची गोष्ट. दुकानदार विचारी, "एकशेअठ्ठावीस की तीनशेवीस?" चार जीबीच्या कार्डात पहिल्या हिशेबाने हजारभर गाणी बसत, दुसऱ्याने चारशे. कामगार हजारच मागे. आमच्या कचेरीतला एक लेखनिक ह्यावर चिडे. तीनशेवीस ज्याला ओळखता येत नाही त्याला गाण्यातले काही कळत नाही, असे त्याचे मत. शेवटी पैज लागली. एकच भजन दोन प्रतींत आणले आणि न सांगता आलटून पालटून लावले. फरक टाळात होता. हलक्या प्रतीत टाळाची किणकिण ओल्या कागदासारखी होई. नव्याने लागलेल्या दोन पोरांनी ती लगेच ओळखली. लेखनिक निम्म्या वेळा चुकला. लूमखात्यातली चार जुनी माणसे म्हणाली, दोन्ही सारखेच. त्यांतला एकजण स्वतः भजनात टाळ वाजविणारा. आम्ही हसलो. ते हसणे मला अजून टोचते.

पुढे कानाच्या तपासणीत त्याचा आलेख पाहिला. सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपास रेघ एकदम खड्ड्यात उतरलेली. शटलच्या लूमचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आठ तासांच्या पाळीला मर्यादा नव्वदाची. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या परिशिष्टात कळवावयाच्या रोगांत होते. २०२० च्या संहितेतही आहे. आम्ही दावा मांडला. व्यवस्थापनाचे उत्तर आले : कान लूमने गेलेले नाहीत, मोबाइलच्या गाण्यांनी गेले.

हे उत्तर निव्वळ खोटे म्हणून मला उडविता येईना. लूमचा आवाज बुडविण्यासाठी हल्लीची पोरे कानांत बोंडे घालून त्याहून मोठ्याने गाणी लावतात, हे मी डोळ्यांनी पाहतो आणि त्यांना ओरडतोही. शिवाय दोन्ही कारणांनी आलेखात खळगा तेथेच पडतो. कामावर घेताना त्याचे कान कोणी तपासले नव्हते. तेव्हा प्रश्न वैद्यकाचा राहिला नाही, तारखांचा झाला. लूमवर तो १९९३ साली लागला. गाणी वाजविणारा फोन त्याच्या हाती आला २००९ साली. त्याआधी सगळ्या खोलीचा मिळून तो एकच टेपरेकॉर्डर, आणि कानांत घालावयाचे काही नव्हतेच. मग मी युनियनच्या सभांची जुनी वृत्तपुस्तके काढून बसलो. २००२ च्या सर्वसाधारण सभेच्या नोंदीत त्याच्या नावापुढे एक ओळ सापडली : मागे बसल्यास बोलणे नीट समजत नाही, पुढे जागा मिळावी, अशी विनंती. अक्षर माझेच होते. त्या वेळी मी जागा दिली, आणि विसरून गेलो.

त्या पानाची नक्कल दाव्याला जोडली आहे. उत्तर यावयाचे आहे. एकादशीला तो अजून टाळ वाजवितो. शेजाऱ्याच्या हाताकडे पाहत वाजवितो, आणि ठेका चुकत नाही.