संरक्षित वास्तूची कुळकथा

वेसाव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मढ लागतं. तिथे पोर्तुगिजांनी बांधलेला वेसाव्याचा किल्ला समुद्रावर नजर ठेवून उभा आहे. 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला, 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी. अशा वास्तू घ्यायच्या कशा हे सत्ताधाऱ्यांना नेहमीच ठाऊक होतं. राखायच्या कशा, हे कायद्याला फार उशिरा सुचलं.

1863 च्या विसाव्या कायद्यात ऐतिहासिक इमारती जपण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. पण खरी पद्धत बसवली ती व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळातल्या 1904 च्या कायद्याने. राजपत्रात अधिसूचना काढायची, तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावायची आणि महिनाभर हरकती ऐकायच्या. 1958 च्या कायद्याने ही मुदत दोन महिन्यांची केली. मला या सगळ्यात ती भिंतीवरची प्रतच मोलाची वाटते. राजपत्र कोण वाचतं? वास्तूच्या सावलीत राहणाऱ्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे, हे 1904 च्या कायद्याने ओळखलं होतं. अंधेरीची महाकाली लेणी आज केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. अशा स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही आणि पुढच्या 200 मीटरांत परवानगीशिवाय नाही, असं 2010 च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलं.

पण लेण्यांत कुणी राहत नाही. नांदत्या घरांचं काय? त्याचं उत्तर मुंबईने 1995 मध्ये दिलं. विकास नियंत्रण नियमावलीच्या 67 व्या नियमाने सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची यादी आली, तीन श्रेणी आल्या आणि सल्ल्याला वारसा समिती आली. मालकी मालकाचीच राहिली, पाडकामाला मात्र आधी विचारणं आलं. गिरगावच्या खोताचीवाडीसारखी अख्खी वस्ती वारसा म्हणून नोंदली गेली. माझ्या मते 1904 नंतरची ही सर्वांत मोठी उडी, कारण इथे प्रथमच एकट्या इमारतीऐवजी शेजार जपायचं ठरलं.

वेसावे कोळीवाड्याची नोंद करायला बसलं तर मात्र ही तीन श्रेणींची चौकटही अपुरी पडते. तिथे दगडी कमान शोधून काय मिळणार? बांबूंवर बोंबील सुकतात ती मोकळी जागा, होड्या ओढून घ्यायचा किनारा, जाळी विणायचं अंगण, खाडीकडे जाणारी वाट: हेच तिथलं बांधकाम. नकाशावर ते मोकळा भूखंड म्हणून दिसतं. यादी करणाऱ्याने तिथे मोजायची टेप काढण्याआधी कोळणींना विचारावं, कुठली जागा कुणाची आणि कुठल्या महिन्यात.