भिंतीतली जुनी नळी

विहिरीचे पाणी आपणहून मळ्यावर चढत नाही. ते चढवावे लागते. १९१० साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे तिथल्या पंपांनी ही गोष्ट कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पाडली. उष्णतेचेही तसेच आहे. तीही गारव्याकडून उकाड्याकडे आपणहून जात नाही. सांगलीच्या एप्रिलमध्ये खोलीतली उष्णता ओढून बाहेरच्या अधिक तापलेल्या हवेत टाकणारे, किंवा महाबळेश्वरच्या थंडीत बाहेरची उष्णता घरात आणणारे यंत्र म्हणजे उष्णतेचा पंपच होय. फरक इतकाच की त्याच्या नळ्यांतून पाण्याऐवजी वायू फिरतो आणि त्या वायूबरोबर कॉम्प्रेसरच्या वंगणाचे थोडे तेलही फिरते. यंत्र जुने झाले की आपण ते बदलतो. भिंतीत गाडलेली तांब्याची नळी मात्र तशीच राहते. तिच्यात काय उरले आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

आमच्या पाहण्यातल्या एका सांगलीकर घरी असेच झाले. मोटार जळालेले जुने यंत्र गेले, नव्या वायूचे नवे यंत्र जुन्याच नळीला जोडले गेले. भिंत फोडायची नाही, रंग बिघडायचा नाही, एवढाच हिशेब होता. दुसऱ्या उन्हाळ्यात नवा कॉम्प्रेसर अडकून बसला. जोड उघडला तेव्हा नळीतून काळे, करपट वासाचे तेल ठिबकले. घरच्यांनी यंत्राला बोल लावला. आम्हांला वाटते, थोडा बोल इतिहासालाही लावायला हवा होता.

तो इतिहास असा. आरंभीच्या यंत्रांत अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड असत, दोन्ही घातक. (अमोनिया मोठ्या शीतगृहांत आजही चालतो, पण निजायच्या खोलीत तो कोणाला हवा आहे?) १९३० साली थॉमस मिजले या अमेरिकन संशोधकाने जमलेल्या रसायनशास्त्रज्ञांसमोर आपला नवा वायू छातीत भरून घेतला आणि सोडलेल्या श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटतही नाही! त्या घराण्याचे वायू जगभर पसरले. त्यांचाच एक आप्त, आर-२२, आपल्याकडच्या घरगुती यंत्रांत वर्षानुवर्षे नांदला. त्याचे खनिज तेलाशी चांगले जमे.

पुढे १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले की या वायूंतले क्लोरीन आकाशातला ओझोन खाते. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनची तूट उघड झाली, १९८७ साली माँट्रियलचा करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. मिजलेचे वायू आपल्याकडे १ जानेवारी २०१० पासून बंद झाले, तुरळक औषधी उपयोग तेवढे वगळून. आर-२२ ला २०३० पर्यंत पायरीपायरीने निरोप द्यायचे ठरले. त्याच्या जागी आर-४१०ए आणि मग आर-३२ आले. यांत क्लोरीन नाही. पण खनिज तेलाशी यांचे जमत नाही. यांना एस्टर जातीचे वेगळे तेल लागते. वायू बदलला म्हणून तेल बदलले. नळी तेवढी जुन्या तेलाची राहिली.

थोडे खनिज तेल राहिले तर पुष्कळ यंत्रे निभावून नेतात. उगाच भीती घालण्याची आमची इच्छा नाही. साचलेले तेल मात्र वाकणांत अडून बसते आणि उष्णतेच्या देवाणघेवाणीत आड येते. जळालेल्या मोटारीने मागे ठेवलेली काजळी आणि आम्ल हे खरे वैरी. त्यातच एस्टर तेल ओल शोषते आणि ओलीने स्वतःच आंबते.

म्हणून नळी धुवायची. पण धुण्याचाही इतिहास गमतीचा आहे. एके काळी नळ्या आर-११ ने धूत, म्हणजे ओझोनच्या सर्वांत मोठ्या शत्रूंपैकी एकाने. मग आर-१४१बी आला. तो सौम्य, पण त्याच वंशाचा. भारताने २०२० च्या आरंभी त्यालाही रजा दिली. आता क्लोरीनविरहित द्रावणे मिळतात.

हरिपूरचे हळदीचे पेव उघडले की माणूस लगेच आत उतरत नसे. कोंदट हवा आधी बाहेर जाऊ देत. तोच धीर येथे हवा. जुना वायू सिलिंडरमध्ये भरून घ्यावा, खिडकीबाहेर सोडू नये. नळी दोन्ही टोकांनी यंत्रांपासून सोडवावी. द्रावण कॉम्प्रेसरमध्ये जाता कामा नये. द्रावण स्वच्छ बाहेर येईपर्यंत सोडावे आणि मग कोरड्या नायट्रोजनने नळी सुकवावी. हाताशी आहे म्हणून ऑक्सिजन वापरणे जिवावरचे आहे: तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन भेटले की स्फोट होतो. शेवटी नायट्रोजनच्या दाबाने गळती पाहावी आणि पंपाने नळी पुरती निर्वात करावी. या कामाला वेळ लागतो, म्हणून ते टाळले जाते.

धुण्याआधी एक पाहावे. आर-२२ पेक्षा नव्या वायूंचा दाब सुमारे दीडपटीहून अधिक असतो, आणि आर-३२ थोडा पेटणाराही आहे. नळी पातळ, चेपलेली किंवा नव्या यंत्राच्या मापाची नसेल, तर कितीही धुतली तरी ती कामाची नाही. तिथे भिंतीच्या रंगाचा लोभ सोडून नवी नळी बाहेरून न्यावी.