रक्तपुरवठा कमी पडल्यावर हृदयाच्या पेशींतील प्रथिनांचे काय होते?

“ईसीजी नॉर्मल आहे म्हणता, मग वडिलांना दाखल का करून घेताय? आणि तीच रक्ततपासणी पुन्हा कशाला?” छातीत दुखणाऱ्या रुग्णाचे नातेवाईक हे हमखास विचारतात. याचे उत्तर ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनात आहे.

हृदयाच्या स्नायूपेशीत अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे असतात. ते एकमेकांवरून सरकले की पेशी आकुंचन पावते. अॅक्टिनच्या धाग्यावर बसलेले ट्रोपोनिन बटणासारखे काम करते. कॅल्शियम त्याला चिकटले की आकुंचन सुरू होते, सुटले की पेशी सैल पडते. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडते.

यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः प्राणवायूच्या मदतीने तयार होते आणि पेशीत तिचा साठा अगदीच थोडा असतो. त्यामुळे हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद झाली, तर मिनिटभराच्या आतच त्या भागाचे आकुंचन मंदावते. पेशी प्राणवायूविना काम भागवू पाहते, त्यात आम्ल साचते आणि आम्लामुळे ट्रोपोनिनवर कॅल्शियमचा परिणाम कमी होतो. इथपर्यंतचे नुकसान भरून येऊ शकते. रक्तप्रवाह पूर्ण थांबून साधारण २० ते ३० मिनिटे झाली की मात्र पेशी मरू लागतात. आवरणावरचे पंप बंद पडतात, कॅल्शियम आत साचते, प्रथिने तोडणारी विकरे जागी होतात. शेवटी आवरण फाटते आणि ट्रोपोनिन रक्तात येते.

रक्तात ते मोजण्याइतके दिसायला वेळ लागतो. दुखायला लागल्यावर तासाभरात आलेल्या रुग्णाची पहिली तपासणी म्हणूनच नॉर्मल येऊ शकते. अतिसंवेदनशील तपासणी १ ते ३ तासांनी पुन्हा करतात, जुन्या पद्धतीची ३ ते ६ तासांनी. लहान दवाखान्यांतली कार्ड टेस्ट तर थोडी वाढ पकडतच नाही. आम्हाला एका आकड्यापेक्षा तो चढतो आहे का, हे जास्त महत्त्वाचे वाटते. किडनीच्या जुन्या आजारात किंवा गंभीर जंतुसंसर्गातही ट्रोपोनिन वाढलेले असते, पण जुन्या आजारातला आकडा बहुधा काही तासांत फारसा हलत नाही.

अँजिओप्लास्टीने रक्तप्रवाह सुरू झाल्यावरही काही भाग लगेच कामाला लागत नाही. पेशी जिवंत असतात, पण त्यांची आकुंचनाची प्रथिने कॅल्शियमला नीट प्रतिसाद देत नाहीत. डॉक्टर याला ‘स्टनिंग’ म्हणतात. सावरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून अॅटॅकनंतर लगेच केलेल्या इकोतले पंपिंग कमी दिसले तर धीर सोडू नका. काही आठवड्यांनी इको पुन्हा करतात. (प्रोटीन पावडरने ही प्रथिने लवकर भरून येतात का, असेही विचारले जाते. नाही येत.)

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणत सकाळपर्यंत थांबू नका आणि स्वतः लॅबमध्ये जाऊन ट्रोपोनिन करून रिपोर्टची वाटही बघू नका. १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठा, स्वतः गाडी चालवू नका. ईसीजीत मोठा अॅटॅक स्पष्ट दिसत असेल तर आम्हीही ट्रोपोनिनसाठी थांबत नाही, थेट रक्तवाहिनी उघडण्याचे उपचार सुरू करतो.