‘मेडिकलला न्या’



आपल्याकडे बाळंतपण अडलं, कुणाला साप चावला, कुणी गाडीवरून पडलं, की एकच शब्द ऐकू येतो : ‘मेडिकलला न्या.’ मेडिकल म्हणजे नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचा दवाखाना. भंडाऱ्याहून तो साठेक किलोमीटर, लाखांदूर-साकोलीकडून त्याहून कितीतरी लांब. आता असंच एक मेडिकल आपल्या जिल्ह्यातही सुरू झालं आहे. म्हणून आज आम्ही शिकवणाऱ्या दवाखान्यांची गोष्ट सांगणार आहोत.

साध्या दवाखान्यात डॉक्टर तपासतात, औषध देतात. मेडिकलमध्ये उपचारही होतात आणि उद्याचे डॉक्टर तिथेच घडतात. पुस्तकात आजाराचं नाव सापडतं. आजार कळतो तो खाटेजवळ उभं राहून. नागपुरात १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झालं, तिथे डॉक्टरकीची पदविका मिळायची. १९४७ साली मेडिकल कॉलेज आलं आणि पूर्ण पदवीचं शिक्षण विदर्भातच मिळू लागलं. तेव्हापासून किती डॉक्टर तिथे शिकले असतील! पण ते कुणाकडून शिकले? गुरुजींकडून तर शिकलेच, आणि खाटेवरच्या आपल्यासारख्या बायांकडूनही शिकले.

हे नुसतं बोलायला म्हणून बोलत नाही. मुंबईत १८४५ साली सर जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथे पुढे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. ते मूळचे गोव्याच्या शिरोड्याचे, जन्म १८९९ चा. त्यांच्याकडे अशा बाया यायच्या, ज्यांचं मूल चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडायचं. आराम करून, औषधं घेऊनही उपयोग व्हायचा नाही. अशा बाईला घरीदारी काय काय ऐकावं लागतं, ते आपल्याला माहीत आहे. पांढऱ्या पायाची, करणीची, मूल खाणारी!

शिरोडकरांनी या बायांना नीट तपासलं. काहींच्या पिशवीचं तोंड कमजोर असतं, बाळाचं वजन वाढलं की ते आधीच उघडतं, हे त्यांनी ओळखलं. मग पिशवीच्या तोंडाभोवती टाका घालून ते आवळून धरायची युक्ती त्यांनी काढली. सुरुवातीला दोऱ्याऐवजी त्याच बाईच्या मांडीतल्या आवरणाची पट्टी ते वापरायचे. १९५५ साली ही शस्त्रक्रिया त्यांनी जगापुढे मांडली. आज ती जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखली जाते. प्रत्येक गर्भपाताला टाका हा उपाय नव्हे, ते डॉक्टरच ठरवतात. पण ज्यांना तो लागतो, त्यांच्या कपाळीचा डाग त्याने पुसला. दोष नशिबाचा नव्हता, करणीचा तर नव्हताच.

पण दवाखान्यापर्यंत पोचतच नाही तिचं काय? सेवाग्रामने याचं उत्तर शोधलं. १९४४ साली कस्तुरबा गेल्या. त्यांच्या नावाने तिथे बायका-मुलांसाठी लहानसा दवाखाना सुरू झाला. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथेच मेडिकल कॉलेज उभं केलं. तिथले विद्यार्थी गावात राहून घरोघरी जातात. डॉ. उल्हास जाजूंनी तर ज्वारीचा विमा चालवला. सुगीला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे घरातून ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात गावाला औषधपाणी मिळायचं. आपल्या बचत गटाला ही रीत नवी वाटू नये. थोडं थोडं सगळ्यांनी घालायचं, गरज पडेल तिने घ्यायचं.

आता आपल्या घरचं बोलू. गोंदियाचं मेडिकल २०१६ साली आलं. भंडाऱ्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, वर्षाला शंभर जागा. याच भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा तान्ही बाळं गेली. ती रात्र आपण विसरलो नाही, विसरूही नये. नवी पाटी लागली म्हणून दवाखाना आपोआप सुरक्षित होत नाही. आग विझवायची यंत्रं चालू आहेत का, रात्री कक्षात कोण असतं, हे रुग्ण कल्याण समितीत विचारलंच पाहिजे.

आणि खाटेवर असताना? शिकाऊ डॉक्टर आला तर घाबरू नका, रागावूही नका. त्याचं नाव विचारा, काय तपासणार ते विचारा. पुरुष डॉक्टर तपासणार असेल तर सोबत बाई हवी असं सांगा. चार-पाच जणांसमोर तपासून घ्यायचं नसेल तर ‘नको’ म्हणा. त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. कागदावर सही-अंगठा देण्याआधी तो वाचून दाखवायला सांगा.

साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एवढ्या काळात ही मुलं डॉक्टर होतील. रोवणीने वाकलेली कंबर, अंगात रक्त नसलेली गरोदर पोर, हे धडे त्यांना आपणच शिकवणार आहोत. मग शिकवणाऱ्याचा मान आपण का सोडायचा? येत्या बैठकीत यावर जरूर बोला.