नागरी आरोग्य माहिती प्रणाली

शहरातील रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा व जन्ममृत्यू नोंदणी कार्यालये यांतील नोंदी एकत्र आणून त्या उपचार, साथनियंत्रण आणि नियोजन यांसाठी वापरण्याची व्यवस्था. स्मार्ट सिटीच्या चर्चेत ती नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर दिसते. तिचा कस मात्र वॉर्डातल्या आरोग्य सेविकेच्या नोंदवहीत लागतो.

कोणत्या वस्तीत कोणता आजार, ही माहिती शहराला फार पूर्वीपासून लागत आली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. संगणकीय टप्पा बराच नंतरचा. क्षयरुग्णांची नोंद ठेवणारी ‘निक्षय’ प्रणाली २०१२ ची. त्याच वर्षी खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्ण कळवणे बंधनकारक झाले. २०१८ पासून रुग्णाच्या पोषणासाठीचे पैसे याच नोंदीच्या आधारे थेट बँकखात्यात जमा होऊ लागले. नोंद करण्यात रुग्णाचाही फायदा असला की ती टिकते, हे या योजनेतून दिसते.

स्मार्ट सिटी योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. निवडलेल्या १०० शहरांत महाराष्ट्रातील पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) ही आठ होती. वाहतूक आणि सीसीटीव्हीसाठी उभारलेले नियंत्रण कक्ष २०२० मध्ये अनेक ठिकाणी करोनाच्या वॉर रूम झाले. तरीही सर्वांत बोलके उदाहरण या यादीत नसलेल्या मुंबईचे. तेथे २४ वॉर्डांत वॉर रूम उघडल्या. प्रयोगशाळेचा अहवाल आधी महापालिकेकडे, तेथून वॉर्डाकडे जाई. मग वॉर्डातून रुग्णाला फोन करून त्याच्या तब्येतीप्रमाणे खाट ठरवली जाई. म्हणजे माहिती जिथे पोचली, तिथेच निर्णय घेण्याचा अधिकारही होता. निव्वळ आलेख दाखवणाऱ्या कक्षात नेमकी याचीच वाण असते.

सप्टेंबर २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. कागदपत्रे मूळ रुग्णालयाकडेच राहतात व रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे पाहता येतात. ओपीडीच्या खिडकीजवळचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळते. केसपेपरच्या रांगेतला वेळ वाचतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी जुनी खिडकी चालू ठेवावीच लागते.

अडचणींपैकी सर्वांत हट्टी आहे ती दुहेरी नोंदीची. आधी वही, मग पोर्टल, आणि प्रत्येक कार्यक्रमाचे पोर्टल वेगळे. शिवाय शहरातली माणसे एका जागी राहत नाहीत. हेल्थ पोस्टवर नाव घातलेली गरोदर बाई बाळंतपणासाठी माहेरी गेली की शहराच्या लेखी तिची पुढची माहिती तुटते. माता-बाल नोंदणीचा क्रमांक हा धागा जोडण्यासाठीच आहे, पण गावच्या दवाखान्यात तो उपयोगी पडतो तो तिने पिशवीत जपून नेलेल्या कार्डावर लिहिलेला असला तरच. झोपडपट्टीत तर पत्ताच नीट लागत नाही. डेंग्यूचा रुग्ण नकाशावर चुकीच्या गल्लीत पडला, तर धूरफवारणीची गाडीही त्याच गल्लीत जाते. खासगी दवाखान्यांतील बहुतेक साधे आजार या हिशेबात येतच नाहीत.